पाणक्या लुईस
(मॅरेथॉनची पहिली शर्यत जिंकणाऱ्या माणसाचे चरित्र)

इयत्ता चौथी



या वेळच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी विषय दिला होता, थोर माणसाचे चरित्र. कोणी शिवाजी महाराज घेतले, कोणी सावित्रीबाई घेतल्या, कोणी गाडगेबाबा घेतले. माझा नंबर येईपर्यंत सगळी थोर माणसं संपली. मी तोंड पाडून बसले. मग गुरुजींनी मला परदेशातल्या एका माणसाची माहिती सांगितली. तो राजा नव्हता, सेनापती नव्हता, शास्त्रज्ञ पण नव्हता. तो पाणी वाहायचा. मला वाटलं, पाणी तर मी पण वाहते, माझी आई वाहते, ताई वाहते. त्यात चरित्र काय लिहायचं? पण सगळी गोष्ट ऐकल्यावर मी ठरवलं की हाच माणूस घ्यायचा. आता मी त्याची गोष्ट सांगते. ती तुम्ही शांतपणे वाचावी.

त्याचं नाव स्पिरिदोन लुईस. त्याचा देश ग्रीस. नकाशात बघितलं तर युरोपच्या खालच्या बाजूला समुद्रात पंज्यासारखा दिसतो, तो ग्रीस. अथेन्स ही त्याची राजधानी. अथेन्सपासून सुमारे १३ किलोमीटरवर मारुसी नावाचं गाव आहे. तिथे १२ जानेवारी १८७३ रोजी लुईसचा जन्म झाला. १२ जानेवारीला आपल्या शाळेत जिजामातांची आणि स्वामी विवेकानंदांची जयंती असते. त्यामुळे ही तारीख माझ्या लगेच पाठ झाली.

लुईसच्या घरी गरिबी होती. मारुसीला चांगल्या पाण्याचे झरे होते आणि अथेन्स शहरात मात्र प्यायच्या पाण्याची ओढ. आत्तासारखे घरोघरी नळ नव्हते. म्हणून लुईसचे वडील गावाकडचं पाणी शहरात नेऊन विकायचे. लुईस मोठा झाल्यावर वडिलांना मदत करू लागला. पाण्याची पिपं जनावराच्या पाठीवर लादायची आणि शहराची वाट धरायची. जनावर पुढे आणि हा त्याच्या बरोबरीने, असं लोक सांगतात. शहरात पाणी विकलं की परत माघारी. म्हणजे नुसतं जायचं यायचं धरलं तरी २६ किलोमीटर झाले. त्याचे पाय कशाने घट्ट झाले असतील ते मला समजलं. आमच्या आडाला पाणी असतं तेव्हा ठीक, पण मार्च लागला की आम्हाला मळ्यातल्या विहिरीवर जावं लागतं. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, हंड्यावर कळशी. तीन खेपा केल्या की माझ्या पोटऱ्या भरून येतात. लुईस तर रोज जायचा.

पुढे लुईस सैन्यात गेला. तिथे त्याचे वरचे साहेब होते कर्नल पापादियामांतोपुलोस. हे नाव मी अकरा वेळा लिहून बघितलं तेव्हा बरोबर आलं. या साहेबांना माहीत होतं की हा पोरगा पळायला चपळ आहे. सैन्यातली नोकरी संपली आणि लुईस परत गावी येऊन पाणी विकू लागला. पण साहेब त्याला विसरले नाहीत. ते पुढे येईलच.

आता शर्यतीची गोष्ट सांगते, कारण ती माहीत नसली तर पुढचं समजणार नाही.

खूप खूप वर्षांपूर्वी, इसवी सनाच्याही ४९० वर्षे अगोदर, इराणच्या बादशहाचं मोठं सैन्य समुद्रातून ग्रीसवर चालून आलं. ते मॅरेथॉन नावाच्या ठिकाणी उतरलं. मॅरेथॉन हे गावाचं नाव आहे, शर्यतीचं नव्हे. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ बडीशेप. तिकडे बडीशेप पुष्कळ उगवायची म्हणून ते नाव पडलं म्हणतात. मला हे वाचून लई हसू आलं. तर अथेन्सचं सैन्य लहान होतं. मदत मागायला त्यांनी फिडिपिडिस नावाच्या धावणाऱ्या जासुदाला स्पार्टा शहराकडे पाठवलं. ते अंतर सुमारे २४० किलोमीटर. तो दुसऱ्या दिवशी तिथे पोचला. पण स्पार्टाच्या लोकांचा सण चालू होता. पौर्णिमा झाल्याशिवाय आम्ही निघणार नाही असं त्यांनी कळवलं. मग अथेन्सचे लोक स्वतःच लढले आणि जिंकले.

अशी कथा आहे की लढाई जिंकल्यावर एक जासूद मॅरेथॉनपासून अथेन्सपर्यंत न थांबता पळत आला. आपण जिंकलो एवढं त्याने सांगितलं आणि तो तिथेच पडला व मरण पावला. गुरुजी म्हणाले की ही गोष्ट लढाईनंतर पाचशेहून अधिक वर्षांनी लिहिली गेली. स्पार्टाला पळत गेल्याची गोष्ट जुन्या इतिहासकाराने लिहिलेली आहे, पण त्याच्या पुस्तकात ही दुसरी गोष्ट नाही. म्हणून ती दंतकथा समजावी. पण दंतकथेतही जोर असतो. तिच्यातूनच पुढची शर्यत निघाली.

ग्रीसमध्ये जुन्या काळी ऑलिंपिक नावाचे खेळ भरायचे. आपल्याकडे जत्रेत कुस्त्यांचा फड असतो ना, तसे देवाच्या नावाने खेळ. पुढे ते बंद पडले आणि पंधराशे वर्षे बंदच राहिले. मग फ्रान्सच्या पिअर द कुबर्तां यांनी खटपट केली. १८९४ मध्ये पॅरिसला सभा भरली आणि ठरलं की १८९६ मध्ये अथेन्सला पुन्हा ऑलिंपिक भरवायचे. कुबर्तां यांचे एक मित्र होते मिशेल ब्रेआल. ते भाषेचे पंडित होते. त्यांनी ही जुनी कथा वाचलेली होती. त्यांनी सुचवलं की मॅरेथॉन गावापासून अथेन्सपर्यंत पळण्याची शर्यत ठेवावी, आणि जो जिंकेल त्याला मी चांदीचा पेला देईन. जुन्या ऑलिंपिकमध्ये एवढी लांब शर्यत कधी नव्हती. तिथली सगळ्यात लांब शर्यत पाच किलोमीटरच्या आतली होती. ही नवी शर्यत चाळीस किलोमीटरची. आमच्या गावापासून तालुका दहा किलोमीटर आहे. म्हणजे दोनदा तालुक्याला जायचं आणि दोनदा परत यायचं, आणि ते सगळं पळत.

शर्यत आपल्या इतिहासातली, तेव्हा जिंकणारा आपलाच पाहिजे असं ग्रीसच्या लोकांना वाटू लागलं. त्यांनी आधी चाचणी घेतली. १८९६ च्या मार्च महिन्यात पहिली चाचणी झाली. त्यात वासिलाकोस नावाचा पोरगा पहिला आला. त्याला ३ तास १८ मिनिटे लागली. मग दोन आठवड्यांनी दुसरी चाचणी झाली. तेव्हा कर्नलसाहेबांना आपल्या पाणक्याची आठवण झाली. त्यांनी लुईसला बोलावून पळायला लावलं. त्यात लुईस पहिला आला नाही. दुसरा नाही, तिसरा नाही. तो पाचवा आला. माझ्या मते ही गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. पाचवा आला तरी त्याला घेतलं, आणि पाचवा आलो म्हणून तोही घरी बसला नाही.

शर्यतीचा दिवस होता १० एप्रिल १८९६. त्या वेळी ग्रीसमध्ये जुनी दिनदर्शिका चालायची, तिच्यात ती तारीख २९ मार्च होती. दुपारी दोन वाजता मॅरेथॉनच्या पुलाजवळून १७ जण पळायला सुटले. शर्यत सोडायला कर्नलसाहेबच उभे होते. चार जण परदेशी होते, बाकी ग्रीसचे. परदेशातला एक ऑस्ट्रेलियाचा फ्लॅक, एक अमेरिकेचा ब्लेक, एक फ्रान्सचा लेर्म्युझिओ आणि एक हंगेरीचा केल्नर. त्यातले पहिले तिघे १५०० मीटरच्या शर्यतीत पहिला, दुसरा आणि तिसरा आलेले होते. फ्लॅकने तर ८०० मीटरची शर्यतही जिंकली होती. पण १५०० मीटर म्हणजे दीड किलोमीटर. चाळीस किलोमीटर ही वेगळीच गोष्ट असते, हे त्यांना अजून कळायचं होतं.

फ्रान्सचा लेर्म्युझिओ सुसाट सुटला आणि पुष्कळ पुढे गेला. त्याच्या मागे फ्लॅक आणि ब्लेक. लुईस बराच मागे होता. वाटेत पिकेर्मी नावाचं गाव लागलं. तिथे लुईस थांबला आणि त्याने पेलाभर द्राक्षाची दारू घेतली असं सगळे सांगतात. त्याच्या नातवाने मात्र वेगळं सांगितलं. त्याला वाटेत अर्धं संत्रं मिळालं आणि नंतर एक घोट ब्रँडी. गुरुजी म्हणाले, तिकडे तशी रीत होती, आपण यातलं संत्रं तेवढं घ्यावं. तिथे लुईसने लोकांना विचारलं की पुढे कोण कोण गेलंय. लोकांनी सांगितल्यावर तो म्हणाला की मी सगळ्यांना गाठतो, आणि शांतपणे पुढे पळू लागला.

रोज जनावराच्या पायाने चालणाऱ्याला एक गोष्ट कळते. पहिल्या खेपेला जोर लावला की शेवटच्या खेपेला पाणी सांडतं. आमची आजी हेच सांगते. लुईसला ते माहीत असणारच. तो एका चालीने पळत राहिला. पुढचे एक एक गळू लागले. २३ किलोमीटर झाल्यावर अमेरिकेचा ब्लेक थांबला. ३२ किलोमीटरवर फ्रान्सचा लेर्म्युझिओ थांबला. आता फ्लॅक पहिला होता आणि मागून लुईस येत होता.

इकडे अथेन्सच्या स्टेडियममध्ये हजारो माणसं बसली होती. हे स्टेडियम सगळं पांढऱ्या संगमरवराचं आहे. जुन्या काळचं होतं, ते आव्हेरोफ नावाच्या श्रीमंत ग्रीक माणसाने पैसे देऊन पुन्हा बांधून काढलं. राजाही तिथे बसला होता. लोक उदास होते, कारण पळण्याच्या एकाही शर्यतीत ग्रीसचा माणूस जिंकला नव्हता. थाळी फेकणं हा तर त्यांचा जुना खेळ, त्यातही अमेरिकेचा माणूस जिंकला. तेवढ्यात सायकलवर एक माणूस बातमी घेऊन आला की ऑस्ट्रेलियाचा माणूस पुढे आहे. सगळे गप्प झाले. मग थोड्या वेळाने दुसरी बातमी आली की आता आपला माणूस पुढे आहे. मग जो आरडाओरडा झाला तो काही थांबेना.

झालं असं की लुईसने फ्लॅकला गाठलं होतं. दोघं काही वेळ बरोबर पळाले. मग फ्लॅकची ताकद संपली आणि तो पडला. लुईस एकटाच स्टेडियमच्या दारातून आत आला. अंगावर धूळ, घामाने निथळत. हा राजवाड्यातला कोणी नव्हता, मारुसीचा पाणक्या होता. ग्रीसचे दोन राजपुत्र, कॉन्स्टंटाइन आणि जॉर्ज, जागा सोडून खाली आले आणि शेवटपर्यंत त्याच्या बाजूने पळाले. लुईसला लागलेला वेळ २ तास ५८ मिनिटे ५० सेकंद. तेव्हा तो २३ वर्षांचा होता.

दुसरा वासिलाकोस आला, सात मिनिटांनी. तिसरा बेलोकास आला, तोही ग्रीसचाच. म्हणजे तिन्ही नंबर ग्रीसचे. पण चौथा आलेल्या हंगेरीच्या केल्नरने तक्रार केली. चौकशी झाली तेव्हा निघालं की बेलोकास वाटेत थोडं अंतर घोडागाडीत बसून आला होता. त्याचा नंबर काढून घेतला आणि केल्नरला दिला. लोक आपलेच होते, बघायला राजा आपलाच होता, तरी खोटं ते खोटंच ठरलं. ही बेलोकासची गोष्ट माझ्या मनात फार दिवस राहिली. का ते मी शेवटी सांगणार आहे.

लुईसला चांदीचं पदक मिळालं. तेव्हा पहिल्याला चांदीचंच पदक द्यायचे, सोन्याचं नव्हे. त्याबरोबर ऑलिव्ह झाडाची फांदी मिळाली आणि ब्रेआल यांचा चांदीचा पेला मिळाला. पेला फक्त १५ सेंटिमीटर उंच, म्हणजे माझ्या कंपासपेटीतल्या पट्टीएवढा. मग लोकांनी त्याच्यावर बक्षिसांचा पाऊस पाडला. कोणी दागिने देऊ म्हणाले, कोणी जन्मभर फुकट दाढी करून देऊ म्हणाले. त्यातली किती बक्षिसं त्याने घेतली याच्या नाना कथा आहेत. राजाची कथा मात्र सगळीकडे सांगतात. राजाने विचारलं, तुला काय पाहिजे ते माग. लुईसने जमीन मागितली नाही, वाडा मागितला नाही. त्याने पाणी वाहायला एक गाढव आणि एक गाडी मागितली.

हे वाचून आमच्या वर्गातली मुलं हसली. मला हसू आलं नाही. ज्याने पाठीवर आणि डोक्यावर पाणी वाहिलं आहे त्याला गाडीची किंमत कळते.

आता एका बाईची गोष्ट सांगते. तिचं नाव स्तमाता रेविथी. ती फार गरीब होती. तिला एक तान्हं मूल होतं. तिलाही या शर्यतीत पळायचं होतं, पण बायकांना परवानगी नव्हती. तिला पळू दिलं नाही. मग तिने काय केलं? दुसऱ्या दिवशी, ११ एप्रिलला, सकाळी आठ वाजता ती एकटीच मॅरेथॉनहून निघाली. निघायच्या आधी तिने एका कागदावर गावच्या शिक्षकांची, गावच्या प्रमुखाची आणि न्यायाधीशाची सही घेतली, किती वाजता निघाले याचा पुरावा म्हणून. साधारण साडेपाच तासांत ती अथेन्सला पोचली. तिला संगमरवरी स्टेडियमच्या आत येऊ दिलं नाही. ती बाहेरच थांबली. पुढे तिचं काय झालं याची कुठे नोंद नाही. तिला पदक नाही, पेला नाही. पण तिचं नाव मात्र राहिलं. त्या गावच्या शिक्षकांनी तिला सही दिली हे मला फार आवडलं. आमच्या गुरुजींनी पण दिली असती.

बायकांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये यायला १९८४ साल उजाडलं. तेव्हा अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरात जोन बेनॉइट ही बाई पहिली आली, २ तास २४ मिनिटे ५२ सेकंदांत. मी वजाबाकी करून बघितली. लुईसपेक्षा ३३ मिनिटे ५८ सेकंद कमी, आणि अंतर लुईसपेक्षा जास्त. पालकांनी ही वजाबाकी ताडून पाहावी.

अंतर जास्त कसं तेही सांगते. पहिली शर्यत साधारण ४० किलोमीटरची होती. १९०८ मध्ये लंडनला ऑलिंपिक झालं, तेव्हा राजवाड्याच्या आवारातून शर्यत सुरू झाली आणि राजघराण्याच्या बैठकीसमोर संपली. ते अंतर भरलं ४२ किलोमीटर १९५ मीटर. पुढे १९२१ मध्ये तेच कायमचं ठरलं. आज जगात कुठेही मॅरेथॉन असली तरी अंतर तेवढंच.

लुईसच्या शर्यतीनंतर एकाच वर्षाने, १८९७ मध्ये, अमेरिकेतल्या बोस्टन शहरात मॅरेथॉन सुरू झाली. पहिल्या वर्षी फक्त १५ जण पळाले. आता तिथे हजारो पळतात. आपल्याकडचीही एक गोष्ट आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर १९१९ मध्ये खेळ भरले होते. तिथे शेतकऱ्यांची पोरं अनवाणी पळत होती. ते दोराबजी टाटा यांनी बघितलं आणि त्यांना वाटलं की यांना ऑलिंपिकला पाठवलं पाहिजे. १९२० मध्ये बेल्जियमच्या अँटवर्प शहरात ऑलिंपिक झालं. तिथे बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन पळाले आणि १९ वे आले. त्यांना २ तास ५० मिनिटे आणि वर काही सेकंद लागले. म्हणजे आपले फडेप्पाही लुईसपेक्षा कमी वेळात पळाले. मुंबईतसुद्धा २००४ पासून मोठी मॅरेथॉन भरते.

पण लुईसचं पुढे काय झालं? शर्यत जिंकल्यावर तो आणखी किती शर्यती जिंकला असेल असं तुम्हाला वाटेल. मला पण वाटलं. तर तो पुन्हा कधीच शर्यतीत पळाला नाही. एकदाही नाही. तो आपल्या गावी गेला. त्याने शेती केली. पुढे तो गावात पोलिसाच्या नोकरीला लागला. त्याचं नाव मात्र देशभर झालं. ग्रीक भाषेत एखादा माणूस धूम पळाला तर तो लुईस झाला असं म्हणतात.

मग त्याच्यावर वाईट दिवस आले. १९२६ मध्ये सैन्याची खोटी कागदपत्रं केल्याचा आरोप त्याच्यावर आला आणि त्याला तुरुंगात टाकलं. एका वर्षाहून जास्त दिवस तो तुरुंगात राहिला. ज्याच्या बरोबर राजपुत्र पळाले तोच हा लुईस. शेवटी २८ जून १९२७ रोजी न्यायालयात तो निर्दोष सुटला. पण गेलेलं वर्ष कोण परत देणार?

आणखी एक गोष्ट मला नवलाची वाटली. तो तुरुंगात गेला त्याच वर्षी, १९२६ मध्ये, मॅरेथॉन गावाजवळ एक मोठं धरण बांधायला घेतलं. १९२९ मध्ये ते बांधून झालं. त्याची भिंत बाहेरून संगमरवराने मढवलेली आहे. ते धरण कशासाठी? अथेन्स शहराला प्यायचं पाणी द्यायला. म्हणजे ज्या मॅरेथॉनपासून अथेन्सपर्यंत पाणक्या लुईस पळाला, तिथूनच पुढे शहराला पाणी जाऊ लागलं, आणि ते बघायला लुईस जिवंत होता. आता पाणी नळाने पळत होतं. लुईसला काय वाटलं असेल? आनंद झाला असेल की आपल्या धंद्याची आठवण येऊन वाईट वाटलं असेल? मला तर वाटतं त्याला आनंदच झाला असेल. पाणी वाहणाऱ्या कोणालाही नळ आला की आनंदच होतो.

१९३६ मध्ये जर्मनीत बर्लिन शहरात ऑलिंपिक झालं. लुईसच्या शर्यतीला तेव्हा ४० वर्षे झाली होती. त्याला पाहुणा म्हणून बोलावलं. तो आपल्या देशाचा जुना झगा घालून ग्रीसच्या खेळाडूंबरोबर संचलनात चालला. त्याने ऑलिंपिया इथल्या ऑलिव्ह झाडाची फांदी हिटलरच्या हातात दिली. ऑलिव्हची फांदी म्हणजे शांततेची खूण. पण हिटलरने त्या फांदीची लाज राखली नाही. तीनच वर्षांनी, १९३९ मध्ये, त्याने महायुद्ध सुरू केलं. लुईस २६ मार्च १९४० रोजी वयाच्या ६७ व्या वर्षी वारला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इटलीने ग्रीसवर हल्ला केला, आणि १९४१ च्या एप्रिलमध्ये हिटलरचं सैन्य अथेन्समध्ये शिरलं. एवढं तरी बरं की ते लुईसला बघावं लागलं नाही.

लुईसच्या मारुसी गावात पुढे एक प्रचंड स्टेडियम बांधलं. १९८२ मध्ये ते सुरू झालं. त्याला लुईसचं नाव दिलं आहे. २००४ मध्ये अथेन्सला पुन्हा ऑलिंपिक झालं, तेव्हा उद्घाटन त्याच स्टेडियममध्ये झालं. मॅरेथॉन शर्यत मात्र जुन्याच वाटेने, मॅरेथॉन गावापासून संगमरवरी स्टेडियमपर्यंत पळवली. तो चांदीचा पेला त्याच्या घरच्यांनी पुष्कळ वर्षे सांभाळला. २०१२ मध्ये नातवाने तो लिलावात विकला. त्याला पाच लाखांहून जास्त पौंड किंमत आली. ज्या संस्थेने घेतला ती ग्रीसमधली आहे, तिने तो लोकांना बघायला ठेवला.

असे हे पाणक्या लुईसचे चरित्र आहे. आता मी बेलोकासचं सांगणार होते ते सांगते.

माझी ताई सातवीत आहे. शाळेत पळण्यात तिचा पहिला नंबर येतो. मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाला तिचं नाव तालुक्याच्या स्पर्धेत निघालं होतं. सकाळी लवकर जायचं होतं. त्या दिवशी आई-बाबा कामावर गेले होते आणि आजीचे गुडघे धरले होते. पाणी आणायचं काम माझं होतं. मी सांगितलं की माझ्या पोटात दुखतंय आणि गोधडी घेऊन पडून राहिले. खरं तर माझं पोट दुखत नव्हतं. मला विहिरीवर जायचा कंटाळा आला होता. मग ताईनेच तीन खेपा केल्या. तोपर्यंत गाडी निघून गेली. ताई मला काही बोलली नाही. ती हंडा ठेवून दारात नुसती बसली होती. बाबांना आणि आजीला अजून वाटतं की मी आजारी होते.

बेलोकास गाडीत बसला म्हणून मी हसले होते. मग मला समजलं की त्या दिवशी मी पण गाडीतच बसले होते. त्याचं खोटं दुसऱ्याने सांगितलं. माझं मी सांगते आहे. आज पालकसभेला बाबा आणि आजी येणार आहेत. आजीला वाचता येत नाही, तिला ताई वाचून दाखवील.

या वर्षी पुन्हा तालुक्याची स्पर्धा आहे. त्या दिवशीच्या सगळ्या खेपा माझ्या. मी आदल्या दिवशीच दोन हंडे भरून ठेवणार आहे आणि सकाळी उरलेली खेप करणार आहे. बाबांना माझी एवढीच विनंती आहे की ताईला गाडीत बसवून द्यावं. ती पहिली येईल की पाचवी येईल ते मला माहीत नाही. लुईस पण आधी पाचवाच आला होता.

माझं लिहिणं इथे संपवते. काही चुकलं असेल तर क्षमा करावी.